अग्निपूजकाची लाकडं

‘अग्निपूजक’ हा शब्द माझ्यासमोर उच्चारायचा नाही, असा आमच्या घरात नियम आहे. नियम मीच केलेला, त्यामुळे तो कोणी पाळत नाही. पुतण्या तर जेवायला बसला की मुद्दाम विचारतो, “काकू, ते पारशी लोक कोण गं? अग्नि...?” आणि वाटी पुढे सरकवून थांबतो. काकू आता भडकणार, गोष्ट सुरू होणार, आणि एकदा गोष्ट सुरू झाली की काकूचं वाढण्याकडे लक्ष राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तूप दोनदा मिळतं. नवरा म्हणतो, “तुझा राग म्हणजे आमच्या घरची चटणी. तोंडी लावायला बरी.” लावा बापडे. पण गोष्ट खरी आहे आणि राग अजून उतरलेला नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावी. लिहिताना निदान कोणी मध्येच तूप मागणार नाही.

आमचं घर नवापूरला. भिंतीला भिंत लागून एक पारशी जोडपं राहायचं. गावात त्यांच्या धर्माची उरलेली तेवढीच दोन माणसं. मूलबाळ नव्हतं. आम्ही त्यांना काका-काकी म्हणत आलो. काकांचं हायवेच्या अलीकडे दुकान होतं, शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचं. डोंगरातला माणूस खांद्यावर मोटार घेऊन आला की काका आधी त्याला पाणी द्यायचे, मग मोटारीला शिव्या. दुकानासमोर मैदान आहे. गुजरातेत ऊसतोडीला निघालेली सातपुड्यातली कुटुंबं थंडीत तिथे गाडीची वाट बघत बसून असतात. काकांनी दुकानाबाहेर नळ काढला होता तो त्यांच्यासाठीच. पण काका कबूल करायचे नाहीत. म्हणायचे, “मोटार टेस्ट करायला पाणी लागते ना.”

लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा काकींच्या स्वयंपाकघरात गेले. स्टोव्ह पेटवून दिला आणि काडी फुंकून विझवली. काकींनी माझं मनगट असं धरलं की मला वाटलं बांगडी फुटली. “फुंकू नको दीकरी. तोंडाचा वारा उष्टा.” मग पितळी ताटली दाखवली. तिच्यात राख होती. जळती काडी त्या राखेवर ठेवून द्यायची, ती आपली आपण विझते. “तुमच्यात नाही का, उष्टं देवाला चालत नाही? तसंच.” मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. माझ्या सासूबाई म्हणजे सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कोणालाच पास न करणाऱ्या परीक्षक. पण त्या दिवशी म्हणाल्या, “हाई पारसीन मन्हापेक्षा सोवळी शे.” असं प्रशस्तिपत्र त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणाला दिलं नाही. मला तर नाहीच.

आता शब्दाकडे येते. दरवर्षी पतेतीला पेपरात चार ओळींची बातमी यायची. एका वर्षी काका तो पेपर घेऊन आमच्या ओट्यावर आले आणि माझ्यापुढे टाकला.

“वाच.”

“‘अग्निपूजक पारशी बांधवांचे आज नववर्ष.’ अहो, शुभेच्छाच तर दिल्यात काका.”

“दिली ते बरं केलं. पण मला कोण समजून दिली?”

“मग? तुम्ही अग्नीला पूजत नाही?”

काका खुर्ची ओढून बसले. मोटार उघडायला घ्यावी तसे. “तुझ्या देवघरात समई आहे?”

“आहे.”

“तिच्यासमोर बसून तू हात कोणाला जोडते? समईला की देवाला?”

“दोघांना,” मी म्हटलं. “दिव्याच्या अवसेला तर समईचीच पूजा असते. कणकेचे दिवे करतो आणि दूध-तुपाशी खातोसुद्धा.”

मोटार जळकी म्हणून उघडावी आणि आत तार शाबूत निघावी, तसं तोंड झालं त्यांचं. “गांडी छे,” ते आत माझ्या सासूबाईंना ओरडून म्हणाले, “तुमची सून वेडी आहे.”

“ते आम्हले म्हाईत शे,” आतून उत्तर आलं.

“बरं,” काकांनी पुन्हा सुरुवात केली. “दिवे पूजते, खाते. पण तुला कोणी दिवापूजक म्हणतं? पेपरात येतं, दिवापूजक समाजाला दिवाळीच्या शुभेच्छा?”

“नाही,” मी म्हटलं. एका शब्दात उत्तर द्यायची वेळ माझ्यावर क्वचित येते, म्हणून ती दुपार लक्षात आहे.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पारशी म्हणजे पार्स नावाच्या मुलखातून आलेले. ती झाली आमची वाट. जरथोस्ती म्हणजे जरथुस्त्राच्या मागून जाणारे. ते झाले आमचे गुरू. हे दोन्ही शब्द लोकांशी बोलायला. पण सकाळी अंघोळ करून, कमरेची लोकरी दोरी, म्हणजे कुस्ती, सोडून पुन्हा बांधताना उजेडाकडे तोंड करून स्वतःबद्दल जो शब्द उच्चारायचा तो वेगळा. मज्दयस्नी. मज्दा म्हणजे तो, सगळं जाणणारा. आणि यस्न? “तुझा यज्ञ आहे ना, त्याचा हा चुलतभाऊ. मज्दाला पूजतो तो मज्दयस्नी. अग्नी तिथे साक्षीला असतो. साक्षीदाराला कोणी नवरदेव म्हणतं का?”

मला तो शब्द आवडला. चार दिवस मी तो घरात सगळ्यांना ऐकवला. नवरा म्हणाला, “पाचव्या दिवशी तू स्वतःच बाटशील.” काका रोज सकाळी मागच्या ओसरीवर कुस्ती बांधायचे आणि मी अलीकडे कपडे वाळत घालायचे. मधली भिंत छातीएवढी. पुटपुटण्यात एवढा एकच शब्द मला कळायचा आणि तो आला की ओळखीचं माणूस रस्त्यात भेटल्यासारखं वाटायचं.

काका गेले ते थंडीच्या दिवसांत, सकाळी, चहाचा कप हातातून ठेवून. काकी भिंतीशी आल्या. रडत नव्हत्या. “दीकरी, काका गया.” डॉक्टर येऊन बघून गेले, दाखला दुपारी देतो म्हणाले. काकींनी सुरतेला चुलतभावाला फोन लावला. तिथे त्यांच्या लोकांची मृतांना ठेवायची जागा आहे, झाडीत, डुंगरवाडी म्हणतात. फोन ठेवून काकी मला एवढंच म्हणाल्या, “उजेडात पोहोचायला पाहिजे. सूर्य बुडाला की आत घेत नाही. मग रात्रभर थांबायला लागेल. त्याला रात्रभर थांबवू नको.” बस्स, एवढंच त्यांना हवं होतं. नवापूरहून सुरत काही चंद्रावर नाही, हायवे दारात. सकाळची वेळ. मला वाटलं, यात अडचण कसली?

अडचण अकरा-साडेअकराच्या सुमाराला ट्रॅक्टर भरून आली.

व्यापारी मंडळाचे अध्यक्ष पुढे, मागे गावातली पंधरा-वीस माणसं, त्यामागे ट्रॉलीत लाकडं. बाभळीची सुकी, वर आंब्याचं एक खोड. मंडळाची वैकुंठरथ म्हणून गाडी आहे, गावात तशी ती एकच. तीही झेंडूच्या माळा घालून हजर. अध्यक्षांच्या हातात कागदात गुंडाळलेला चंदनाचा तुकडा होता. “वहिनी,” ते मला म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरलेले होते, “काकांना काही कमी पडू द्यायचं नाही. नदीवर सगळी तयारी केलीय. अग्निपूजक माणूस. त्याला अग्नी नाही द्यायचा तर कोणाला द्यायचा?”

आता सांगा, या माणसावर चिडायचं कसं? आणि नाही चिडायचं तर करायचं काय?

मी समजावायला गेले. माझी खोड अशी की मला कुठलीही गोष्ट मधून सुरू करता येत नाही. मी इराणपासून सुरुवात केली. जहाजं, किनारा, आश्रय... जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत इकडे अंगणात तिरडीचे बांबू बांधून झाले होते. एकाने शिंकाळ्यात मडकं आणलं, मडक्यात गोवरीचा निखारा. तो ते मडकं घेऊन सरळ काकींच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला.

काकी आतून आल्या आणि मडक्याकडे बघून जागच्या जागी थांबल्या. मग हात जोडून अध्यक्षांना म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही सगळे लोक चांगले आहे. पण माझ्या माणसाला आगीत नको टाकू.”

अध्यक्षांनी मान हलवली. म्हणाले, “काकी, मन घट्ट करा. शेवटी सगळ्यांनाच जायचंय.” आणि मागे वळून हळूच म्हणाले, “बायका त्या वेळी असंच म्हणतात. माझी आईसुद्धा म्हणाली होती.” मागच्या माणसांनी माना डोलावल्या. एकाने डोळे पुसले.

माझं टाळकं सरकलं ते इथे. एक म्हातारी बाई, नुकतं कुंकू पुसलेली म्हणावं तर तिच्यात कुंकूही नाही, आपल्या धर्मात काय करायचं आणि काय नाही ते साध्या शब्दांत, हात जोडून सांगते आहे, आणि वीस शहाणे पुरुष त्याला रडणं समजून तिचं सांत्वन करताहेत! तिने आणखी सांगितलं असतं तर आणखी सांत्वन झालं असतं. शेवटी सांत्वन करत करत त्यांनी काकांना जाळून टाकलं असतं.

“अहो, ती रडत नाहीये,” मी ओरडले, “ती सांगतेय! त्यांच्यात जाळत नाहीत!”

“वहिनी, असं कसं?” अध्यक्षांनी आत बोट दाखवलं. काकांच्या उशाशी तीन पावलं सोडून दिवा तेवत होता. “दिवा लावलाय की. अग्निपूजक आहेत ना ते? मी चौथीत पाठ केलंय. पुस्तकात आहे.”

पुस्तकात आहे! कोणी तरी कुठे तरी बसून एका धर्माच्या गळ्यात एक शब्द अडकवला, दुसऱ्याने तो पुस्तकात घातला, तिसऱ्याने पाठ केला, आणि आज त्या शब्दाची ट्रॉलीभर लाकडं होऊन दारात उभी राहिली. त्या शब्दाच्या मालकिणीला कोणी विचारायला तयार नाही. वर माणसं इतकी भली की त्यांना शिवीही देता येत नाही. हा राग मी सांगतेय तो हा. दुष्ट माणसाशी भांडता येतं. पाठांतर झालेल्या सज्जनाशी कसं भांडणार?

मी दिवा आणि चिता यातला फरक सांगू लागले. अग्नी पवित्र, म्हणून त्याच्यात मृत शरीर टाकायचं नाही, पवित्र, म्हणूनच, पूजक म्हणता ना, मग... मी पुन्हा लांबण लावते आहे हे मलाच कळत होतं. निखाऱ्याच्या मडक्यातून धूर येत होता. काकी एकदा मडक्याकडे बघत, एकदा उन्हाकडे. ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं.

तेवढ्यात आमच्या ओट्यावरून काठी वाजली. सासूबाई. गुडघे दुखतात म्हणून ज्या वर्षभर दारापलीकडे गेल्या नव्हत्या, त्या ओट्याच्या कडेला येऊन उभ्या होत्या.

“काय रे भो,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “तुम्हीन देवले मढं चढावतस का?”

अध्यक्ष गडबडले. “नाही माय. देवाला कसं...”

“मंग तिन्हा देवले काब्र चढावतस? ती काडी बी फुंकस नै, तिले मढं दे म्हंतस. तठे सूर्य डुबी जाई. गाडी काढ.”

ज्याच्या हातात मडकं होतं तो दोन पावलं मागे सरला, मग आणखी दोन, आणि मडकं आमच्या तुळशीमागे नेऊन ठेवलं. अध्यक्ष कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “माय, हे आधी सांगायचं ना कोणीतरी.”

नवरा माझ्याकडे बघत होता; मी बोलू नये म्हणून.

“गाडी न्या,” अध्यक्ष म्हणाले. माणूस वाईट नाही, मी म्हटलंच. “पण मग लाकडं?”

“लाकडं परत न्या,” मी म्हटलं.

निघण्याआधी काकींनी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. मी उंबऱ्याबाहेर होते, पण दार पूर्ण लागत नव्हतं. ते दार दुरुस्त करायचं काकांनी वीस वर्षं ठरवलं होतं. सुरतेला गेल्यावर त्यांचे लोक सगळं पुन्हा रीतीने करणार होते. तरी काकींनी जुना धुतलेला पांढरा सदरा, त्यावर कुस्ती, सगळं आपल्या हाताने केलं. पुटपुटणं चाललं होतं आणि त्यात तो शब्द आला. मज्दयस्नी. रोज भिंतीपलीकडून यायचा तो काकांच्या आवाजात, आज काकींच्या. बाहेर वीस माणसं होती, पण आत काय बोलले ते कोणाला कळलं नसतं. मला एक शब्द कळला. मी पदराने नाक पुसून घेतलं आणि गाडीत जाऊन बसले. बायका गाडीत बसत नाहीत असं कोणी तरी म्हणायला लागलं, पण सासूबाईंची काठी अजून ओट्यावरच होती.

दाखला येईपर्यंत दोन वाजून गेले. गाडी सुरू झाली आणि कर्ण्यातून मोठ्याने भजन लागलं. चाकवाला, म्हणजे ड्रायव्हर, कावराबावरा झाला. “वहिनी, किल्ली फिरवली की हे आपोआप लागतं. बंद करायचं कसं ते फक्त काकांना माहीत होतं. वायरिंग त्यांचीच आहे.” काकींनी पहिल्यांदा तोंड वर केलं. “चालू दे,” म्हणाल्या. “त्याचंच काम आहे.” त्यामुळे एका मज्दयस्नी माणसाची शेवटची फेरी आमच्या गावातून वैकुंठाच्या भजनात निघाली. सासूबाईंनाही यात काही विटाळ दिसला नाही.

चौकात फ्लेक्स लागलेला. एवढ्यात छापून झालासुद्धा! काकांचा दुकानातला हसरा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: अग्निपूजक समाजाचे भूषण पंचतत्त्वात विलीन. मी दात खाल्ले. काकींना मराठी वाचता येतं, पण हळू. गाडी फ्लेक्सखालून जाईपर्यंत त्या वाचत राहिल्या. मला वाटलं आता काही बोलतील.

“फोटो चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

सोनगड मागे पडलं, व्यारा गेलं. मी सारखी सूर्याकडे बघत होते. एरवी मला सूर्य कुठे आहे ते पापड वाळत घालण्यापुरतंच माहीत असतं. एका साखर कारखान्याच्या फाटकाजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, “हॉर्न वाजव.” तो म्हणाला, “वहिनी, भजन चालू आहे ना, सगळे बाजूला होतायत.” खरंच होत होते. भजनाला वाट मिळाली.

डुंगरवाडीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं, पण होतं. काकींचा चुलतभाऊ आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाटच बघत होती. फाटकावरचा माणूस मला अदबीने म्हणाला, “बेन, तमे अहीं बेसो.” मी बाहेरच्या बाकावर बसले. पुढे त्यांच्या रीतीने त्यांचेच लोक जातात. गाडी आत गेली, भजनासकट; मग झाडीत कुठे तरी भजन एकदम थांबलं. कोणी तरी किल्ली काढली असावी.

थोड्या वेळाने काकी बाहेर आल्या, मला चहा मिळाला का ते बघायला. शेंड्यांवर अजून ऊन होतं. “घेतलं आत,” त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अध्यक्ष.

“वहिनी, पोहोचलात? वेळेत? देवाची कृपा. बरं, ती लाकडं. आमचं इथे ठरतंय, नदीवर नुसतीच पेटवावी का? म्हणजे आत कोणी नाही, फक्त अग्नी. काकांना श्रद्धांजली म्हणून. चंदनही आहे.”

मी फोन कानापासून लांब धरला. मला जे म्हणायचं होतं ते त्या फाटकासमोर म्हणण्याजोगं नव्हतं.

“कोण?” काकी म्हणाल्या.

“अध्यक्ष. लाकडांचं काय करू विचारताहेत.”

“दुकानासमोर मैदानात तोडीवाले बसलेत ना? लहान पोरं आहे त्यांच्यात. त्यांना शेकोटीला दे म्हणावं.”

“अहो काकी, सरणाची लाकडं?”

“सरण कुठे झालं?” त्या म्हणाल्या. “माझा माणूस तर इथे आत आहे. ती लाकडंच आहे अजून. फक्त म्हणावं, सकाळी वर पाणी नको टाकू. आपोआप विझू दे.”

मी ते जसंच्या तसं फोनवर सांगितलं. अध्यक्षांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “हो हो. तोडीवाल्यांना. पाणी टाकायचं नाही. आपोआप विझू द्यायची.” मग सकाळपासून अडकलेलं गणित सुटल्यासारखे आनंदाने म्हणाले, “बघा वहिनी! म्हणजे शेवटी अग्निपूजकच ना?”

मी फोन बंद केला. काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “काय बोलला?”

मी सांगितलं. मला वाटलं दोघी मिळून चिडू. काकी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि मग हसता हसता रडल्या, त्या दिवसात पहिल्यांदा. फाटकावरचा माणूस पाणी घेऊन धावत आला.

मी मात्र चिडलेलीच होते. अजून आहे.